न बोलणारीचा आवाज

सकाळी ५:४५

आज एकाच गेमची दोन कामं आहेत. सकाळच्या सत्रात एका म्हाताऱ्या नाखविणीचे संवाद आणि दुपारनंतर त्याच गेमच्या नायिकेचा आवाज. नायिका चौदा वर्षांची आहे, खाडीत होडी घेऊन निघालेली आहे आणि पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत ती एक शब्दही बोलत नाही. गेमचं नाव सांगता येणार नाही. गेम बाजारात येईपर्यंत ते बाहेर काढायचं नाही असा करार असतो, आमच्या कागदांवरसुद्धा टोपणनावच छापलेलं असतं.

बोलतच नाही तर तिला आवाज कशाला, असं लोक विचारतात. माझा आजचा अर्धा दिवस त्याच कामात जाणार आहे.

उठल्यावर पहिला अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही. कोमट पाणी प्यायचं, मग पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत हलक्या आवाजात सूर खालून वर आणि वरून खाली फिरवायचा. त्यानंतर ओठ फडफडवत तेच. घशावर जोर न देता आवाज जागा करायचा हा सगळ्यात बिनधोक मार्ग आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी दूध-दही टाळते, तोंडात चिकटपणा राहिला तर तो माईकला लगेच ऐकू जातो. डब्यात भाकरी-भाजी आणि सोबत एक हिरवं सफरचंद. जीभ टाळ्याला चिकटून चुटचुट आवाज यायला लागले की दोन फोडी खायच्या. बांगड्या, घड्याळ, गळ्यातलं, सगळं घरी. कुर्ता जुना, मऊ, सुती. बूथमध्ये नायलॉनची ओढणी खांद्यावरून सरकली तरी चांगला टेक वाया जातो.

७:३५

मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा. हा वेळ स्क्रिप्ट वाचायचा.

नाटकातून आलेल्या माणसाला गेमची स्क्रिप्ट पहिल्यांदा हातात घेतल्यावर काही कळत नाही. ते एक्सेलचं शीट असतं. एका रकान्यात फाईलचं नाव, पुढे पात्र, पुढे वाक्य, आणि शेवटच्या रकान्यात ते वाक्य कधी वाजेल त्याची अट. गोष्टीचा क्रम तिथे नसतो. नाखविणीच्या एका वाक्यापुढे लिहिलंय, ‘खेळाडू दोन मिनिटं जागचा हलला नाही तर’. दुसऱ्यापुढे, ‘होडी खडकाला तिसऱ्यांदा आपटली तर’. तिसऱ्यापुढे, ‘पाऊस चालू आणि कंदील विझलेला असेल तर’. यातली बरीच वाक्यं कित्येक खेळाडूंच्या कानांवर कधीच पडणार नाहीत. तरी त्यातल्या प्रत्येकाला पूर्ण जीव द्यायचा, कारण कंदील विझवून पावसात थांबलेल्या त्या एका खेळाडूसाठी तेच वाक्य म्हणजे सगळा गेम असू शकतो.

मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. नाटकात प्रेक्षक सगळे मिळून एक प्रयोग बघतात. इथे नाखवीण एका वेळी एकाच माणसाशी बोलते, आणि तो माणूस काय करेल हे तिलाही माहीत नसतं.

९:००

स्टुडिओ वर्सोव्यात, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. दिग्दर्शक माझ्यापेक्षा बराच लहान आहे आणि मला ताई म्हणतो. लेखिका पुण्याहून कालच आली आहे. रेकॉर्डिस्ट दादा माईक लावेपर्यंत आम्ही चहा घेतो (माझा काळा), आणि बोलणं पुन्हा तिथेच येतं: नायिका मुकी का?

मूक नायकाची सुरुवात बरीचशी नाइलाजातून झाली. निन्टेंडोच्या पहिल्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’चं अमेरिकेत विकलेलं कार्ट्रिज १२८ किलोबाइटचं होतं. आम्ही आज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे एका सेकंदाला सुमारे १४४ किलोबाइट. माझा एक निःश्वाससुद्धा त्या अख्ख्या गेममध्ये मावला नसता. सगळंच पडद्यावरच्या अक्षरांतून सांगायचं, त्यात नायकाला संवाद न देणं हे जागेच्या आणि कष्टाच्या दृष्टीने सोयीचं होतं.

सीडी आली आणि जागेची अडचण गेली. तरीही १९९८मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ‘हाफ-लाइफ’ काढला तेव्हा त्यातले शास्त्रज्ञ बोलतात, पहारेकरी बोलतात, नायकाने घातलेला सूटसुद्धा बाईच्या आवाजात जखमांची माहिती देतो, आणि नायक गॉर्डन फ्रीमन मात्र गप्प. हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला होता. संपूर्ण गेम गॉर्डनच्या डोळ्यांतून दिसतो, कॅमेरा त्याच्या डोक्याबाहेर जात नाही. आपल्याच डोक्यातून दुसऱ्या कुणाचा आवाज आला असता तर खेळणारा तिथून बाहेर फेकला गेला असता. धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरवर तो गेम मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला गॉर्डनपेक्षा त्याच्याशी बोलणाऱ्यांचं नवल वाटलं. उत्तर न देणाऱ्या माणसाशी हे इतकं सहज कसं बोलतात?

त्या मौनाला पुढे गेमवाल्यांनी कथेतच जागा करून दिली. ‘पोर्टल २’ (२०११) सुरू होतो तेव्हा व्हीटली नावाचा यंत्रगोळा नायिका चेलला काहीतरी बोलून दाखव म्हणतो. पडद्यावर बोलण्यासाठी कुठलं बटण दाबायचं ते येतं, आपण दाबतो, आणि चेल बोलण्याऐवजी उडी मारते. व्हीटलीचा आवाज स्टीफन मर्चंटचा. त्याची न थांबणारी बडबड आणि चेलची ती उडी, एवढ्यात दोघांचं नातं उभं राहतं. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) हा झेल्डाच्या मुख्य मालिकेतला पहिला गेम, ज्यात पात्रं खरोखर आवाजात बोलली. त्यातही नायक लिंक गप्पच आहे, पण तो गप्प का हे राजकन्या झेल्डाच्या डायरीत वाचायला मिळतं. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर लागलेल्या असताना भार मुकाट्याने वाहायचा असतो, असं तो मानतो.

आमच्या लेखिकेचं म्हणणं साधं आहे. तिच्या नायिकेची आई खाडीत गेली ती परत आली नाही, आणि तेव्हापासून मुलगी बोललेली नाही. म्हणून नाखविणीच्या संवादांना तिने एक पक्का नियम लावला आहे. ‘काय म्हणालीस? पलीकडे जायचंय?’ असलं वाक्य चालणार नाही. न बोललेल्या माणसाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेणं मूक नायकाच्या गेमांमध्ये खूप दिसतं, आणि माझ्या मते त्याइतकं मौनाचं नुकसान दुसरं कशानेच होत नाही. पैसे वाचवायला आवाज काढून टाकलाय हे तिथे उघडं पडतं.

१०:१५

बूथमध्ये. दार बंद झालं की कान दडपल्यासारखे होतात. मग हेडफोनमध्ये टॉकबॅकवरून दिग्दर्शकाचा आवाज येतो.

नाखवीण होडीच्या मागच्या टोकाला बसते आणि मुलगी पुढे, खालच्या फळीवर. म्हणून मी स्टँडवर माईकच्या खाली, छातीच्या उंचीला एक चिठ्ठी चिकटवते. तीच माझी मुलगी. तिच्याकडे बघून बोललं की हनुवटी आपोआप खाली येते आणि आवाज मोठ्या माणसाने लहानाशी बोलावं तसा उतरतो. नजर समोर ठेवली तर तेच वाक्य भाषण वाटायला लागतं.

हे मी एकपात्रीवाल्यांना बघून शिकले. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ पात्रं एकटे उभी करत. एक पात्र बोलत असताना दुसरं ऐकतंय, हे प्रेक्षकाला बोलणाऱ्याच्या डोळ्यांतून आणि थांबण्यातून दिसायचं. रंगमंचावर नसलेला माणूस उभा करायचं काम बोलणाऱ्यावर असतं. गेममध्ये माझे डोळे कुणाला दिसत नाहीत, त्यामुळे थांबणं तेवढं हाती उरतं.

एका वाक्यावर आम्ही बराच वेळ अडकलो. शीटमध्ये होतं, ‘तुला भूक लागली का गं?’ मी म्हटलं, पण वाक्य संपलं की एक भोक पडायचं. प्रश्न विचारला की ऐकणारा उत्तराची वाट बघतो, खेळणाऱ्याकडे उत्तर द्यायला बटण नाही, आणि मग मुलगी उद्धट वाटते.

‘ताई, हेच जरा पटकन म्हणून बघा, उत्तराची अपेक्षा नसल्यासारखं.’

तसंही घेतलं. आता म्हातारी बेपर्वा वाटायला लागली. शेवटी लेखिकेने काचेपलीकडून वाक्य बदललं: ‘भूक लागली असेल. डब्यात भाकरी आहे बघ.’ मी ‘असेल’नंतर एक श्वास थांबले. त्या श्वासात म्हातारी मुलीकडे बघते, मुलगी मान हलवते किंवा नाही हलवत, आणि जे काही दिसलं त्यावरून म्हातारी पुढचं बोलते. कागदावर त्या थांबण्याला काही खूण नाही. पण मुलगी तिथे बसलेली आहे हे खेळणाऱ्याला त्याच अर्ध्या सेकंदात पटतं. दुसऱ्या टेकला दिग्दर्शक काही बोलला नाही, नुसता अंगठा दाखवला.

यानंतर एकामागून एक वाक्यं. खडकाला आपटल्यावरच्या ओरडण्याचे तीन प्रकार, कारण तेच ते पुन्हा ऐकू आलं की माणूस जाऊन यंत्र उरतं. पहिल्यांदा आपटली तर घाबरून, दुसऱ्यांदा चिडून, तिसऱ्यांदा काळजीने. हा चढ लेखिकेने दिलेला नव्हता. मी सुचवला, तिने ठेवला.

१२:४५

जेवण. दिग्दर्शकाला ‘फॉलआउट ४’बद्दल बोलायला फार आवडतं, आणि मलाही. बेथेस्डाने २०१५मध्ये त्या गेमच्या नायकाला आवाज दिला. पुरुष निवडला तर ब्रायन डिलेनी, बाई निवडली तर कोर्टनी टेलर, आणि दोघांनी प्रत्येकी सुमारे १३ हजार वाक्यं रेकॉर्ड केली. काम चोख होतं. पण प्रत्येक उत्तर दोन गळ्यांतून रेकॉर्ड करायचं म्हटल्यावर उत्तरांचे पर्याय चारांपुरते आले, आणि बटणावर लिहिलेलं एक तर नायकाच्या तोंडून येणारं वाक्य भलतंच, अशी खेळाडूंची तक्रार झाली. २०२३मध्ये त्याच कंपनीचा ‘स्टारफील्ड’ आला तेव्हा नायक पुन्हा मूक झाला होता.

आवाजाचं काम करणारी बाई मूक नायकाची बाजू घेते याचं काहींना आश्चर्य वाटतं. मी घेते, कारण आवाज हे पात्राला दिलेलं कायमचं वळण असतं. मी एकदा एक वाक्य रडवेलं म्हटलं की हजारो लोकांसाठी ते रडवेलंच झालं. काही गोष्टींना ते हवंच असतं. ‘डेड स्पेस’ (२००८)मध्ये नायक आयझॅक नुसता धापा टाकायचा आणि ओरडायचा. दुसऱ्या भागात, २०११ साली, गनर राइटने त्याला बोलका केला, आणि मनातून खचत चाललेल्या त्या माणसाची ती गोष्ट बोलल्याशिवाय सांगताच आली नसती. ‘हाफ-लाइफ’च्या घराण्यातही २०२०मध्ये आधीच्या भागातली ॲलिक्स नायिका झाली तेव्हा ती बोलतीच राहिली. बोलणं तिच्या स्वभावात आधीपासून होतं, ते काढून घेतलं असतं तर ती ॲलिक्स उरली नसती. नियम एकच असा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ काढला, त्यात भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात. आपल्याकडे कथेकरी असतोच, त्यामुळे ती रीत मला फार जवळची वाटली.

१:४५

दुपारच्या सत्राआधी कराराचा कागद. त्यात माझं रेकॉर्डिंग वापरून यंत्राकडून नवा आवाज तयार करायचा नाही असं कलम आहे की नाही, ते मी बघते. नसेल तर घालून घेते. अमेरिकेतल्या कलाकारांनी याच मुद्द्यावर जुलै २०२४मध्ये गेम कंपन्यांविरुद्ध संप पुकारला आणि तो जून २०२५पर्यंत चालला. त्याआधीच्या, २०१६च्या संपात एक मागणी होती की गळा ताणणारी सत्रं चार तासांवरून दोन तासांवर आणा. ती मागणी का होती हे पुढच्या दोन तासांत कळतं.

२:१५

आता ती मुलगी.

या कामाला एफर्ट्स म्हणतात. शीटवर शब्द नाहीत, नुसती कामं आहेत. लहान उडी, मोठी उडी. वल्हं ओढणं, हलकं आणि प्रवाहाविरुद्ध. दोरीवर चढणं. पाण्यात पडणं, पाण्यातून डोकं वर काढणं. लागणं, थोडं आणि खूप. दमलेला श्वास, जो गेममध्ये गोल गोल वाजत राहील. थंडीने कुडकुडणं. मरणं. प्रत्येकाचे पाच-सहा वेगवेगळे नमुने.

दादा माईक लांब सरकवतात, गेन उतरवतात आणि शेजारी दुसरा माईक लावतात, एकात आवाज फाटला तर दुसरा हाताशी असावा म्हणून. ओरडण्याची कामं आम्ही नेहमी शेवटी ठेवतो. आधी घेतली तर नंतर बोलायला आवाज राहत नाही.

मूक म्हणवणारे बरेच नायक इथेच कुणाच्या तरी गळ्यातून आलेले असतात. झेल्डाच्याच मालिकेतल्या, १९९८च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मधला छोटा लिंक आठवून बघा. तलवार फिरवतानाची ती आरोळी फुजिको ताकिमोतो या बाईंची. मोठ्या लिंकची नोबुयुकी हियामा यांची. त्या गेमची गाणी लोकांना पाठ असतात, आणि लिंकची आरोळीसुद्धा, पण ती एका कलाकाराने विचार करून दिलेली आरोळी आहे हे क्वचितच कुणाच्या मनात येतं.

वल्ह्यासाठी मी एका जाड दांडीला टॉवेल गुंडाळून खरोखर ओढते. पोट आवळल्याशिवाय तो श्वास येत नाही. दिग्दर्शकाने एकच सूचना दिली होती: ‘ताई, हिला दुखतं, पण ती कुणाला कळू देत नाही.’ त्या एका वाक्याने सगळं ठरलं. ‘आई गं’ किंवा ‘आऽ’ असा स्वर उघडून चालणार नाही. तोंड मिटलेलं, आवाज नाकातून, आणि सुरू झाल्या झाल्या कापलेला. मोठ्या जखमेला तोंड उघडतं, पण आवाजाऐवजी श्वास आत ओढला जातो. चौदा वर्षांची मुलगी काढायची म्हणून आवाज बारीक करायचा नाही. श्वास छोटा करायचा. लहान छातीत हवा कमी मावते, त्यामुळे ती लवकर लवकर भरावी लागते.

मग शीटमधली ती ओळ आली. फाईलच्या नावापुढे कंसात लिहिलेलं, ‘श्वास’. अट: ‘आईची होडी सापडते’.

सहा-सात टेक झाले. पहिल्यात हुंदका आला, खोटा. दुसऱ्यात धक्का, तो सिनेमातला. लेखिका म्हणाली, तिला हे आधीपासून माहीत असणार. मी जरा बसले, पाणी प्यायले. चार दिवस वल्हं मारून दमलेली मुलगी आहे, दमलेला श्वास तर चालूच असणार. मग मी मघाचा दमलेला श्वास सुरू केला, तसाच चालू ठेवला, आणि एका जागी तो घ्यायचा विसरले. नंतर पुन्हा तोच श्वास, तीच लय, नुसती जरा वरच्या पट्टीत. काचेपलीकडे लेखिकेने पेन खाली ठेवलं. दादांनी विचारलं, हा ठेवू? दिग्दर्शक म्हणाला, हाच.

४:०५

दोन तासांच्या आत थांबलो. मरण्याचे बाकी सगळे प्रकार झाले, पाण्यातले दोन उद्यावर टाकले. वाफ घेतली. पुढचा अर्धा तास लिहून बोलायचं.

४:४५

आज गेममधला एक भाग लावून बघायला मिळाला. प्रोग्रामर मुलीने सकाळच्या आणि दुपारच्या फाईल लगेच आत टाकल्या. खाडी, तिन्हीसांज, होडी. नाखवीण सांगते भाकरी आहे, मुलगी वल्हं ओढते, तिचा मिटल्या तोंडाचा श्वास येतो, म्हातारी गप्प होते.

आईच्या होडीच्या जागी अडचण निघाली. मुलीचा श्वास अडतो त्याच वेळी नाखविणीचं सांत्वनाचं वाक्य सुरू व्हायचं. प्रोग्रामरने ते दोन सेकंदांनी पुढे ढकललं, तरी बोचत होतं. मी फोनवर टाइप करून दाखवलं: म्हातारी इथे नकोच. सकाळी मन लावून म्हटलेली ती माझीच तीन वाक्यं होती, त्यातल्या एकावर तर मी खूष होते. लेखिकेने दोनदा बघितलं आणि तिन्ही काढली. आता म्हातारी फक्त वल्हं मारायचं थांबवते. होडी वाहत राहते, पुढे काय करायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. गेम खेळून तपासणाऱ्यांपैकी एकाने होडी फिरवून लांब नेली. दुसरा जवळ जाऊन तसाच थांबला. दोघांच्याही वागण्यात तो श्वास नीट बसला, आणि वाक्य असतं तर एकाच्या बाबतीत तरी ते खोटं पडलं असतं.

६:१०

निघण्याआधी श्रेयनामावलीचा मसुदा दाखवला. माझ्या नावापुढे ‘नाखवीण’ एवढंच होतं. नायिकेच्या पुढे जागा नव्हती, कारण तिला संवादच नाहीत.

मी ही गोष्ट सोडत नाही. आधी एका कंपनीसाठी केलेल्या एफर्ट्स मला नंतर दुसऱ्याच गेममध्ये ऐकू आल्या होत्या, नाव नाही, पैसेही नाहीत, विचारल्यावर सांगितलं की त्या नुसत्या किंकाळ्या आहेत. गळा त्याच किंकाळ्यांनी बसतो. पात्र माझ्यासमोर उभं राहतं तेही त्याच कामात. आज दुपारी दोन तास आम्ही पाच जण एका मुलीबद्दल बोलत होतो, तिला काय दुखतं, ती काय लपवते. त्याला अभिनय म्हणायचं नाही तर कशाला?

दिग्दर्शकाने वाद घातला नाही. खुर्ची पुढे ओढून त्याने नाखविणीच्या वर एक नवी ओळ टाकली: ‘नायिका’, आणि पुढे माझं नाव. मग विचारलं, ‘ताई, हिच्या खाली दादांचंही नाव घालू? रेकॉर्डिंग म्हणून?’ मी घाल म्हटलं. दादा केबल गुंडाळत होते, त्यांनी आडनाव कसं लिहायचं ते सांगितलं.

उद्याची वेळ साडेदहाची. बुडण्याचे दोन प्रकार, वादळातली वल्ही, आणि लेखिका रात्री नवी लिहून पाठवणार आहे ती नाखविणीची वाक्यं.